दोन खण, एक कुटुंब

गोवा म्हटलं की बहुतेकांना समुद्र आठवतो. माझं आजोळ पेडणे तालुक्यात, चांदेल-हणखणे पट्ट्यात आहे, त्यामुळे आम्हाला आधी नदी आठवते. दोडामार्गच्या डोंगरातून येणारी तिळारी गोव्यात शिरली की पुढे तिला शापोरा म्हणतात. डिचोली तालुक्यातलं साळ आणि पेडणे तालुक्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे ही सगळी तिच्याच शेजारची गावं. साळ म्हटलं की लोकांना होळीतले गडे आठवतात. पण ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि वरून पाऊसही थांबेना, तेव्हा साळचं नाव बातम्यांत पुरासाठी आलं. दोनच वर्षांनी, २३ जुलै २०२१ ला, पुन्हा तेच. पेडणे, डिचोली, सत्तरी, बार्देश सगळीकडे पाणी. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं.

पूर का येतो यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला लिहायचंय ते दुसऱ्याच एका प्रश्नावर: पाणी घरात आलं की माणसं जातात कुठे?

२०२१ ला आमची आजी, मामा, मामी आणि वाड्यावरची दहा-बारा घरं उंचावरच्या एका शाळेत गेली. करोनामुळे वर्ग भरत नव्हते, म्हणून शाळा रिकामी होती. नाहीतर मुलांना सुट्टी द्यावी लागली असती. बाकं भिंतीला लावून लोक जमिनीवर झोपले. सोय करणाऱ्यांनी मनापासून केली, जेवणही वेळेवर आलं. पण वर्ग हा वर्गच असतो. चूल मांडायला जागा नाही, ओले कपडे वाळवायला जागा नाही, सगळ्यांना मिळून एकच संडास. आजी तर पहिल्या दिवशी घर सोडायलाच तयार नव्हती. मामा मला फोनवर म्हणाला, "बाय, माणसं निघतील गो, पण गुरं कुठे बांधू? गुरांना सोडून ती हलायची नाही." शेवटी गुरं टेकडीवर एका झाडाला बांधली, तेव्हा आजी निघाली.

मी बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. इमारतींशी माझा तसा संबंध नाही. पण माझ्या कामातला एक धडा या प्रश्नाला अगदी लागू पडतो. आमच्याकडे मुख्य सर्व्हर बंद पडला तर काम उचलायला दुसरा ठेवलेला असतो. तो वर्षभर नुसता बाजूला ठेवला, तर ऐन वेळी हमखास दगा देतो. कुणीतरी पासवर्ड बदललेला असतो, कुठलं तरी अपडेट राहिलेलं असतं. म्हणून चांगल्या व्यवस्थेत त्या राखीव सर्व्हरलाही रोज थोडं थोडं काम देतात. रोज चालतो तोच संकटात चालतो.

इमारतीचंही तसंच आहे. फक्त पुरासाठी बांधलेलं निवारा केंद्र वर्षातले ३६० दिवस बंद राहणार. नळ गंजणार, दिव्यांचे बल्ब जाणार, आणि मध्यरात्री दारात पन्नास माणसं उभी असताना किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच आठवणार नाही. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, पण ते 'बहुउद्देशीय' ठेवले. एरवी त्यात शाळा किंवा गावाचे कार्यक्रम चालतात. केंद्र सरकारच्या चक्रीवादळ जोखीम प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. म्हणजे विचार नवा नाही. प्रश्न एवढाच की आपल्या नदीकाठच्या गावात तो कुठल्या रूपात रुजेल.

याचं उत्तर शोधताना मी आधी पंचांग उघडलं, आणि तिथे एक गंमत सापडली. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. लग्नांचे मुहूर्त नाहीत, आणि जत्रा आणि दशावतारी नाटकं सुरू होतात ती कार्तिकानंतर. पुराचे महिने जुलै आणि ऑगस्ट. म्हणजे गावाच्या मांडवाला ज्या दिवसांत सर्वांत कमी काम, त्याच दिवसांत नदीला सर्वांत जास्त पाणी. श्रावणातला भजनी सप्ताह सोडला, तर एकच जागा दोन्ही कामांना वापरण्यात पंचांगाची काही हरकत नाही!

आता ती जागा लाकडाची का असावी?

पहिलं कारण म्हणजे जागा गरजेप्रमाणे बदलायला लाकूड सोपं पडतं. मराठी घरबांधणीत याला एक सुंदर शब्द आहे: खण. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुने लोक घर चौरस फुटांत मोजत नसत. 'आठ खणांचं घर', 'बारा खणांचा वाडा' असं म्हणत. आम्ही ज्याला मॉड्यूल म्हणतो तेच हे. कुटुंब वाढलं की दोन खण जोडायचे. खणाची लांबीरुंदी ठरलेली असली की एका घराची तुळई दुसऱ्या घरालाही चालते.

माझा मावसभाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याच्याबरोबर बसून मी हिशेब मांडला. संकटकाळच्या निवाऱ्यासाठी जगभर 'स्फिअर' नावाची मानकं वापरतात. त्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा धरतात. पाच माणसांच्या कुटुंबाला साडेसतरा. आमचा खण तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटर. दोन खणांचे झाले अठरा. एका कुटुंबाला दोन खण! हे जुळलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

मग कागदावर तीस खणांचा मांडव काढला. पंधरा मीटर रुंद, अठरा मीटर लांब. मध्ये नऊ मीटरचा मोकळा भाग, त्यावर लाकडी कैच्यांचं छप्पर, म्हणजे नाटक बघताना मध्ये खांब येत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या पडव्या. सहा खण ये-जा आणि सामानासाठी सोडले, तर उरलेल्या चोवीसमध्ये बारा कुटुंबं, साठ माणसं. वीस माणसांमागे एक या मानाने तीन संडास लागतात. आम्ही चार धरले, त्यांतले तीन बायकांसाठी, कारण मानकांतही बायकांसाठी तिप्पट ठेवा असंच सांगितलंय. भिंती नाहीत. त्याऐवजी बांबूच्या तट्ट्यांच्या चौकटी, एरवी माळ्यावर रचून ठेवलेल्या. पूर आला की त्या खाली काढून वरच्या आडव्या लाकडाला अडकवायच्या आणि खालच्या खाचेत बसवायच्या. चार माणसांना दोन तासांत जमायला हवं.

हे आपल्याकडे अनोळखी आहे असं समजू नका. चतुर्थीला गणपतीवर जी माटोळी बांधतात तिची लाकडी चौकट वर्षभर माळ्यावर असते, एका दिवसात खाली येते आणि रानातल्या फळाफुलांनी भरते. लग्नाच्या दारातला माटव पोफळीच्या खांबांवर आणि झावळ्यांवर उभा राहतो आणि आठवड्याने उतरतो. दशावतारात तर एक बाकडं राजाचं सिंहासनही होतं आणि वनातला दगडही. तीच वस्तू वेगळ्या कामाला लावायची सवय आपल्या हाडात आहे.

गोव्यातल्या मोठ्या देवळांची रचना बघा. मध्ये सभामंडप, भोवती अग्रशाळा. सभामंडपात भजन-कीर्तन, अग्रशाळेत लांबून आलेल्या महाजनांची आणि भाविकांची राहायची सोय. डिचोली तालुक्यात नार्वे इथला सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज काळात तिथलं देऊळ मोडलं गेलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आणला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. घर गमावलेल्या देवालाही या तालुक्याने आसरा दिला. माणसांसाठी तेच करायचं तर आपल्याला परदेशी नमुन्याची फारशी गरज नाही.

तरी एक परदेशी उदाहरण सांगते, कारण ते फार शिकवणारं आहे. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये हजारो लोक तात्पुरत्या घरांत राहत होते. डोक्यावर छप्पर होतं, पण चार माणसांनी बसून चहा प्यावा अशी जागाच नव्हती. वास्तुरचनाकार टोयो इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वस्त्यांसाठी छोटी लाकडी घरं बांधायला घेतली. नाव दिलं 'सगळ्यांचं घर'. पहिलं घर ऑक्टोबर २०११ मध्ये सेंदाई शहरात उभं राहिलं, आणि त्यासाठी मदत आली ती दूरच्या कुमामोतो प्रांतातून. एप्रिल २०१६ मध्ये खुद्द कुमामोतोतच भूकंप झाला, तेव्हा तिथे अशी लाकडी घरं तात्पुरत्या वस्त्यांबरोबरच बांधली गेली. पुढे वस्त्या उठल्या, तरी यातली अनेक घरं गावांची सभागृहं म्हणून टिकली, काही तर उचलून दुसरीकडे नेली. लाकूड उतरवता येतं, मोजता येतं, पुन्हा जोडता येतं. सिमेंटचा स्लॅब फक्त फोडता येतो.

आपल्याकडे महाडजवळच्या तळियेत २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, म्हणजे आमच्या पुराच्या आदल्याच दिवशी. वाचलेल्या लोकांना पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहावं लागलं. तातडीला तो उपाय होता, पण कोकणातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात दुपार काढणं म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको.

लाकडावर आक्षेप येतात, आणि ते खरे आहेत. एकेक घेते.

पहिला वाळवीचा. म्हणून खांब जमिनीत पुरायचा नाही. जुन्या वाड्यांत खांबाखाली घडीव दगड असे, तळखडा. इथे चिऱ्याचं जोतं २०२१ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा उंच घ्यायचं, त्यावर तळखडा, त्यावर खांब. वाळवीला वर यायचं तर दगडावरून मातीची नळी करत यावं लागतं, आणि ती रोज झाडणाऱ्याला दिसते.

दुसरा पाण्याचा. लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजलेलं राहिल्याने कुजतं. आतला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला त्यात जगता येत नाही. म्हणून वळचण लांब हवी आणि चारही बाजूंनी वारा खेळता हवा. प्लायवूड मात्र नको, पुराच्या पाण्यात त्याचे पापुद्रे सुटतात.

तिसरा आगीचा. बारीक काटकी भुर्रकन जळते, पण जाड तुळई बाहेरून कोळसा होत साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर इतक्याच गतीने जळते, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो. तरी चूल मुख्य मांडवाबाहेरच.

चौथा वाऱ्याचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत गंभीर. हलकं छप्पर वारा वर उचलतो. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंच. म्हणून कैची खांबाला, खांब तळखड्याला आणि तळखडा जोत्याला लोखंडी पट्ट्यांनी सलग बांधलेला हवा. पुराच्या पाण्यात लाकूड तरंगायला बघतं, तेव्हाही हेच बांधणं कामाला येतं.

नुसतं लाकूड वापरलं की इमारत सुरक्षित झाली, असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आत लाकडी खण होते, तरी जाड दगडी भिंतींनी आणि मातीच्या जड धाब्यांनी माणसांचे जीव घेतले. वर वजन किती आणि सांधा कसा, यावर सगळं अवलंबून आहे.

लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न पुढचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर १९९३ पासून बंदी घातली होती. ती २०२० मध्ये उठली. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बांबूचं सोपं झालंय, जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ पासून कायद्याने 'झाड' राहिलेला नाही. पण माझं लक्ष पडलेल्या झाडांकडे आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात कितीतरी आंबे, फणस, माड आडवे झाले, आणि पुष्कळ लाकूड सरपणात गेलं. जपानमधल्या रिकुझेनताकाता गावात 'सगळ्यांचं घर' बांधताना त्सुनामीच्या खाऱ्या पाण्याने मेलेले देवदारासारखे वृक्षच खांब म्हणून वापरले होते. वादळाने पाडलेल्या झाडावर पुराचा निवारा उभा राहावा, हे मला फार आवडलं.

गेल्या दिवाळीत आमचा कागद मी आजोळी नेला. पडवीत मामा, मामी, वाड्यावरचे चार-पाच जण आणि एक वयस्कर सुतारकाका बसले होते. त्यांनी कागदात बरीच भर घातली.

मामीने पहिली गोष्ट सांगितली ती बायकांसाठी बंद न्हाणीघराची. "संडास चार काढलेस, बरं केलंस. पण तीन दिवस आंघोळ कुठे करायची?" मग तिने मांडवामागे मोरीसकट दोन न्हाण्या वाढवल्या. मामाने अर्थातच गुरांसाठी उंचावर एक उघडी शेड मागितली. जत्रेत तिथे दुकानं लागतील, एरवी दुचाक्या. सुतारकाका म्हणाले, जुनं घर उतरवताना प्रत्येक वाशावर आणि खांबावर खूण करतात, म्हणजे पुन्हा बसवताना घोळ होत नाही. "तुमच्या तट्ट्यांवर पण खुणा करा. पुराच्या रात्री कागद कोण वाचणार?" मला तर ते आमच्याच क्षेत्रातले वाटायला लागले.

शेवटी एका काकांनी विचारलं, "किल्ली कोणाकडे?" सगळे गप्प झाले. दाराला कुलूप असलेली, एरवी न उघडणारी सभागृहं सगळ्यांनीच पाहिलेली होती. पुष्कळ चर्चा झाली. निघालेलं उत्तर असं: एका पडवीत अंगणवाडी भरवायची. रोज सकाळी लहान मुलं येणार म्हणजे दार रोज उघडणार, नळाला पाणी रोज बघितलं जाणार, संडास रोज धुतले जाणार. संध्याकाळी भजनी मंडळ आणि महिला मंडळाचे दिवस ठरलेले. मांडवाला मुळात दारच कमी, कुलूप फक्त सामानाच्या खोलीला, आणि तिच्या किल्ल्या तीन घरांत. आणि दर वर्षी मृगाच्या आधी एक रविवार सगळ्यांनी मिळून कौलं चाळायची, लाकडाला तेल लावायचं, तट्ट्या एकदा अडकवून बघायच्या.

त्या शेवटच्या कलमावर मी बराच विचार केला. लाकडाला दर वर्षी हात लावावा लागतो म्हणून लोक सिमेंटकडे वळले. पण पूर आला की एकमेकांचे हात लागतातच, आणि त्या हातांना आधीपासून एकत्र काम करायची सवय असेल तर किती बरं! एका रविवारच्या कामात कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाला पोहता येतं, कोणाकडे होडी आहे, हे सगळं आपोआप कळतं. आजी त्या रात्री शाळेत जायला नाखूश होती, यात गुरांइतकंच हेही होतं की ती त्या वर्गात कधी गेलीच नव्हती. जिथे ती भजनाला दर गुरुवारी बसते, तिथे ती न बोलावता जाईल.

पूर्ण मांडवाला पंचायत, परवानग्या आणि पैसा लागेल, त्याला वेळ आहे. पण तौक्तेत पडलेल्या एका फणसाचं लाकूड मामाने तेव्हाच कापून पडवीत रचून ठेवलंय, ते आता चांगलं वाळलंय. येत्या मे महिन्यात आम्ही त्याचा एकच खण उभा करणार आहोत: चार तळखडे, चार खांब, कौलारू छप्पर आणि अडकवायच्या दोन तट्ट्या. तो एक पावसाळा तसाच राहील, आणि दिवाळीत मी आणि मावसभाऊ ओलावा मोजायचं यंत्र घेऊन तो तपासायला जाऊ.

मंडळातल्या तुमच्यापैकी अनेकांची गावं नदीकाठी आहेत. कोणाचं कृष्णेच्या, कोणाचं पंचगंगेच्या, कोणाचं वाशिष्ठीच्या. यंदा गावी गेलात तर दोन गोष्टी करून या. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवर तारखेसह रंगवा, आणि जमिनीपासून तिची उंची लिहून ठेवा. गावातल्या सुतारकाकांना भेटा आणि ते खांबाचा सांधा कसा करतात त्याचा व्हिडिओ घ्या. आमच्या खणासाठी मला या दोन्हींचा उपयोग होईल. आणि मे महिन्यात गोव्यात असाल तर एक दिवस समुद्र सोडून आमच्याकडे या. खांब उभे करायला माणसं कमी पडणार आहेत, आणि मामीच्या हातचं फणसाचं सांदण आहेच.